ढुंगणाखालचं नाव

नानांच्या हातात 'ढीग' होता. त्याच्या मागे, दोन बोटांच्या चिमटीत, पुढचं कार्ड होतं आणि त्यावर 'ढुंगण' लिहिलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. दोंडाईच्याजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. समोर पोत्यांवर, पायरीवर आणि निंबाच्या सावलीला तीसेक माणसं होती. नाना ते कार्ड आता मोठ्याने वाचणार होते. ते कार्ड खोटं होतं, आणि मी भरलेलं होतं.

आमचा उद्योग काय होता ते आधी सांगते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या बोलण्याचा कोश. कोश म्हणजे डिक्शनरी, पण पुस्तकातल्या शब्दांची नाही, तोंडातल्या शब्दांची. जळगावात मेहरूणच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. तिथे पत्र्याच्या पेट्यांमध्ये हजारो कार्डं. एका कार्डावर एक शब्द. सर्वांत वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली व्युत्पत्ती, म्हणजे तो शब्द आला कुठून, त्याचे आईबाप कोण. मग बोलण्यातलं एक वाक्य. आणि तळाला 'कोणी सांगितला': नाव, वय, गाव.

हे शेवटचं खातं म्हणजे नानांचा हट्ट होता. नाना आमचे मुख्य संपादक. शब्द हवेतून पडत नाही, माणसाच्या तोंडातून निघतो आणि तोंडाला नाव असतं, असं ते म्हणायचे. ज्या कार्डावर नाव नाही ते कार्ड बाद. शिवाय छापायला जाण्याआधी 'परतवाचन' व्हायचं. ज्या गावातून शब्द घेतले त्या गावात परत जायचं, सगळ्यांसमोर कार्डं वाचायची, आणि ज्याने शब्द दिला त्याने 'हो, हे माझं' म्हणायचं. तेव्हाच ते पक्कं.

माझ्या आधी जे गृहस्थ होते त्यांनी 'ट' अक्षरातलं एक कार्ड घरबसल्या भरलं. नाव लावलं ते दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं. परतवाचनात त्याची बायको उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ घरी बसले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. म्हणजे खोट्या कार्डाची किंमत मला चांगली ठाऊक होती. मी रोज त्या किमतीवरच बसत होते.

मी पंचवीस वर्षांची होते. एम. ए., पहिला वर्ग. ही गोष्ट मी दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे, एस्टीच्या कंडक्टरलासुद्धा. नोकरी टेम्पररी होती. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की वर्षभर बघ, पक्की झालीस तर कर, नाही झालीस तर घर आहेच. घर आहेच, हे शब्द ऐकले की दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात अर्धा तास आधी पोचायचे. नानांनी मला 'ढ' हे अक्षर पूर्ण सोपवलं होतं. 'ढ' स्वच्छ गेला की पर्मनंट. ऑफिसात मला 'ढ बाई' म्हणायचे. अक्षर माझ्याकडे आहे म्हणून म्हणतात, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती.

ढब, ढाल, ढिला, ढीग, सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो शब्द आला. मी नानांना सुचवून पाहिलं की आपण इथे 'नितंब' घालू या. नाना म्हणाले, नितंब 'न'मध्ये येईल, कुणी बोलताना सापडलं तर.

मग माझी वणवण सुरू झाली. शब्द सगळ्यांकडे होता. नाव कुणाचं मिळत नव्हतं.

जामनेरच्या बाजारात दोर विकणारे एक आबा होते. ढोर, ढेप, ढेकूळ असे शब्द त्यांनी मला मोजूनमापून दिले होते, वर चहा पाजला होता. त्यांना हा शब्द विचारला तर ते खोकला येईपर्यंत हसले. हसता हसता तो शब्द त्यांनी पाच वाक्यांत वापरून दाखवला, एकापेक्षा एक बरं वाक्य. पण नावाचं विचारल्याबरोबर हात जोडले. नातीचं जमवायचं चाललं होतं. मुलाकडच्यांनी पुस्तक उघडलं तर, म्हणाले.

धुळ्यात एका दवाखान्यात सिस्टर होत्या. दिवसभर इंजेक्शनं देत. त्यांच्या तोंडी तो शब्द नसेल तर कुणाच्या, असा माझा हिशेब. त्यांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही धुळ्याकडच्याच ना? तुमच्या घरी काय म्हणतात?"

मी म्हटलं, आमच्या घरी त्या भागाचा उल्लेख होत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला तो भागच नाही.

असं महिनाभर चाललं. माझं स्वतःचं नाव लावायला काहीच हरकत नव्हती. मी धुळे तालुक्यातल्या खेड्यातच वाढले. आमच्या गावात 'ण'चा 'न' करून हा शब्द जेवणाइतक्या वेळा ऐकू यायचा. पण मी आता एम. ए. होते, कुणाची तरी सून होते, आणि खेड्यातलं बोलणं मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. ते बोलणं गोळा करायची नोकरी करत होते, हे वेगळं.

एका शनिवारी दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी कोरं कार्ड घेतलं आणि तळाला लिहिलं: सोनाअक्का, वय बहात्तर. सोनाअक्काने मला 'ढ'चे साठेक शब्द दिले होते. तिला वाचता येत नव्हतं. साठात एकसष्टावा, असं मी मनाला समजावलं. प्रत्यक्षात परतवाचनात नाना वेळेअभावी मधली मधली कार्डंच घेत. हेच नेमकं कशाला निघेल?

आता कार्ड खोटंच भरायचं होतं तर निदान नीट भरावं. पण मला विद्वत्ता सुचली. अर्थ लिहिला: 'मनुष्यादी प्राण्यांचे उपवेशनस्थान'. म्हणजे माणूस आणि इतर प्राणी ज्यावर बसतात ती जागा. व्युत्पत्तीत मी तर कमालच केली. संस्कृतात 'ढौक्' असा धातू आहे, त्याचा अर्थ जवळ जाणे. बसताना आसनाजवळ जे अंग सर्वांत आधी जातं ते 'ढौकनांग', आणि त्याचं झालं ढुंगण. हे सुचल्यावर मी खोलीत एक फेरी मारली होती. वाक्याच्या जागी लिहिलं: 'बालक ढुंगणावर आपटले.' त्यात मला कमालीची सभ्यता वाटली.

त्या दिवशी सकाळी एस्टीत कार्डांची पेटी नानांच्या मांडीवर होती. मी तीनदा म्हटलं, द्या, मी धरते. नाना तीनदा म्हणाले, असू दे. आणि गावात पोचल्यावर त्यांनी जाहीर केलं की सोनाअक्काची कार्डं आज सगळी वाचायची, बाईने इतके शब्द दिलेत तर एकही सोडायचा नाही.

सोनाअक्का सर्वांत पुढे पोत्यावर बसली होती. डोक्याला तेल, नवं लुगडं. गावात तिच्याइतके शब्द कुणीच दिले नव्हते, हे तिने सकाळपासून सगळ्यांना सांगितलं असावं. प्रत्येक कार्ड संपलं की ती विचारायची, "मन्हं नाव शे ना त्यावर?" नाना नाव वाचून दाखवायचे. ती मागे वळून बायकांकडे बघायची. मागे तिचा मुलगा उभा होता, सोसायटीत सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट. आईचं नाव वाचलं की तोही जरा ताठ व्हायचा.

"ढुंगण," नाना वाचू लागले. "सांगणार, सोनाअक्का, वय बहात्तर."

एका बाईने पदर तोंडात कोंबला. सोनाअक्काने या वेळी मागे वळून पाहिलं नाही. तिचा मुलगा पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, "मन्ही माय असं सांगनार नही." मग नानांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाला की हे छापायचं असेल तर आमच्या आईचं नाव सगळ्याच शब्दांवरून काढा.

सगळ्याच, म्हणजे साठ. 'ढ' अक्षरातलं निम्मं धान्य त्या बाईच्या घरचं होतं. नोकरी तर गेलीच होती, पण त्याहून वाईट म्हणजे ती नवं लुगडं नेसून बसलेली बाई माझ्यामुळे पुस्तकातून पुसली जाणार होती. आणि मी काय केलं? मी पेटीतली उरलेली कार्डं सरळ करत बसले. अगदी कोपऱ्याला कोपरा लावून.

सोनाअक्का मुलाला म्हणाली, "तू बस. माले आइकू दे." मग नानांना म्हणाली की अर्थ काय लिहिलाय तो वाचा.

नानांनी वाचला आणि सोपा करून सांगितला: माणूस आणि जनावरं ज्यावर बसतात ती जागा.

अक्काने थोडा विचार केला. "बैल कधी ढुंगनवर बसस का?"

कुणीतरी मागून म्हणालं, कुत्रं बसतं. अक्का म्हणाली, कुत्रं बसतं, पण बैल पोटावर बसतो, आणि बैलाला ढुंगण म्हणत नाहीत, पुठ्ठा म्हणतात. बाजारात बैल घेताना आपण पुठ्ठ्यावर थाप मारतो की नाही? आणि माणसालाही नीट सांगायचं तर एका बाजूचा तो कुल्ला, दोन कुल्ले मिळून ढुंगण. हे कुणी लिहिलं त्याने बैल पाहिलेला नाही. नाना भराभर लिहून घेत होते. मी खाली बघत होते. वडिलांच्या घरी दोन बैलजोड्या होत्या.

मग नानांनी वाक्य वाचलं. "बालक ढुंगणावर आपटले."

अक्काने ते वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "बालक म्हंजे कोन?"

नानांनी वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"शब्द मन्हा शे," अक्का म्हणाली. "वाक्य मन्हं नही. इतलं फिकं मी बोलस का?"

आता ती खरी रागावली होती. शब्दाने नव्हे. तो काय, रोजचाच. असलं मिळमिळीत वाक्य आपल्या नावावर छापून येणार आणि गावातल्या बायका म्हणणार की सोनाअक्का असं बोलते, याचा तिला संताप आला होता. तिचा मुलगाही गोंधळला. तो शब्दासाठी भांडायला आला होता आणि आई वाक्यासाठी भांडत होती.

नानांनी चष्मा काढला. अक्काकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "कुमुदबाई, हे कार्ड कुणाचं?"

आधीच्या गृहस्थांची खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे आली. खोटं बोलायला अजून जागा होती. अक्का वयस्कर आहे, विसरली असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारही होतं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पण अक्का माझ्याकडे बघत होती. तिला अजून वाटत होतं की चूक नानांच्या हातून झाली असेल.

"माझं," मी म्हटलं. "अक्कांनी हा शब्द मला दिलेला नाही. मीच लिहिलं."

नानांनी हातातलं पेन कार्डावर टेकवलं. अक्काचं नाव खोडलं. "मग नाव तुमचं. वय?"

"पंचवीस."

"गाव?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आता वाक्य. बनवू नका. हा शब्द शेवटचा केव्हा तोंडातून निघाला, ते जसंच्या तसं सांगा."

मी म्हटलं की आमच्या घरी हा शब्द. नाना म्हणाले, घर नको, वाक्य. तीस माणसं बघत होती. मघाशी पदर कोंबलेल्या बाईने तो तोंडातून काढला होता. अक्का म्हणाली, "सांगी टाक पोरी."

खरं सांगायचं तर तो शब्द त्याच सकाळी माझ्या तोंडून निघाला होता. एस्टीच्या सीटचा पत्रा निघालेला होता. शिंदखेड्याच्या खड्ड्यात तो टोचला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटले होते, आणि ते पुटपुटणं एम. ए.चं नव्हतं.

"एस्टीना पत्रा ढुंगनले टोचना," मी म्हटलं.

सगळा ओटा हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी ते अक्षर न अक्षर कार्डावर उतरवलं, मला वाचून दाखवलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, हे तुमचं? मी म्हटलं, हो, हे माझं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. अक्काने नानांना कार्ड खाली ठेवू दिलं नाही. म्हणाली, आता मन्हं लिखा. आणि तिने वाक्य दिलं: "जवाई उना, खाटवर बसना, तीन दिन ढुंगन उचलं नही." जावई आला आणि तीन दिवस खाटेवरून हलला नाही. सर्वांत आधी तिचा मुलगा हसला. जावई म्हणजे त्याचा मेहुणा, आणि तीन दिवस अडवलेली खाट या मुलाची होती.

तरीही मुलाने हळूच विचारलं, नाव लावायचं का. अक्का म्हणाली, "मी त्यानावरच बसस, मंग लाज कसानी?"

मागच्या बायकांनी आणखी सहा वाक्यं दिली. सहाही जणींनी नाव, वय, गाव न विचारता सांगितलं. दोघींची भांडणं झाली, कारण वाक्य एकच होतं. महिनाभर मला एक नाव मिळत नव्हतं. कारण एवढंच की मी प्रत्येकाला बाजूला घेऊन, आवाज खाली करून, काहीतरी वाईट विचारते आहे अशा चेहऱ्याने विचारत होते. त्या चेहऱ्याला कुणीही नावच दिलं नसतं.

परत येताना पॅसेंजर गाडी मिळाली. अमळनेर येईपर्यंत नाना दिवसभराची कार्डं पुन्हा चाळत होते. मग त्यांनी विचारलं, अशी आणखी किती? मी म्हटलं, एकच. त्यांनी ते खरं मानलं, कारण नंतर विचारलं ते वेगळंच होतं.

"हे ढौकनांग काय आहे?"

मी कारण समजावून सांगितलं. आसनाजवळ जाणारं अंग वगैरे. खिडकीतून वारा येत होता म्हणून मला जरा मोठ्याने सांगावं लागलं आणि समोरच्या बाकावरच्या माणसाने पेपर खाली केला.

नाना म्हणाले, "संस्कृतात हा शब्द कुणी कधी लिहिलाय?"

"नाही. पण होऊ शकतो."

"होऊ तर काहीही शकतं." मग त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. ढीग, ढेकूळ, ढेरी, ढोली, ढोल, ढब्बू. म्हणाले, 'ढ'ने सुरू होणारे संस्कृत शब्द शोधायला दिवा लागतो. गोल, जड, खाली बसणारं काही असलं की आपल्या लोकांच्या तोंडात आपोआप 'ढ' येतो. गुजरातीत याच अर्थाचा 'ढगरो' आहे. नात्यातला असेल, नसेल. या शब्दाचे आजोबा कोण ते आपल्याला माहीत नाही. माहीत नाही असं लिहायला काही लागत नाही.

त्यांनी ढौकनांगावर रेघ मारली आणि तिथे लिहिलं: देशी. म्हणजे इथलाच, मूळ ठाऊक नाही. मी बिचाऱ्या शब्दाला खानदानी आजोबा मिळवून द्यायला निघाले होते. त्याला गरज नव्हती. गरज मला होती.

जळगावला उतरल्यावर नाना म्हणाले, उद्या या. मला वाटलं, हिशेब द्यायला. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर 'ढ'ची सगळी पेटी होती आणि वर चिठ्ठी. सगळी कार्डं पुन्हा गावोगाव नेऊन परतवाचन करायचं, वाचायचं मी स्वतः, मोठ्याने, एकही गाळायचं नाही. पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू. नंतर एकदा मी विचारलं की त्या आधीच्या गृहस्थांना काढलं, मग मला का नाही. नाना म्हणाले, त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावरही हे कार्ड माझं नाही असंच सांगितलं होतं.

पर्मनंट लांबलं ते घरी सांगावं लागलं. सासऱ्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, शब्दासकट. त्या घरात तो असा चारचौघांत प्रथमच उच्चारला गेला असावा. सासूबाई आत निघून गेल्या. सासऱ्यांनी पेपर तोंडासमोरून खाली घेतला नाही. पेपराआडून म्हणाले, मग अजून एक वर्ष घे. पेपर बराच वेळ हलत होता.

पुढे मी त्याच ऑफिसातून रिटायर झाले, संपादक म्हणून. सात अक्षरं माझ्या हातून गेली. 'प' अक्षर तर असं गेलं की अजून कुणी त्यात चूक काढलेली नाही. नाना आता नाहीत. आता कोश कॉम्प्युटरवर टाकायचं काम चालू आहे. तिथल्या मुलीने परवा फोन करून विचारलं की आजी, काही नोंदींखालची नावं लपवायची सोय आहे, तुमचं काय करू. कोणती नोंद, हे तिने सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, राहू दे.

मग नातवाकडून पाहून घेतलं. आमच्या कोशात माझं नाव टाकून शोधलं तर माझी सात अक्षरं, प्रस्तावना, संपादकीय टिपणं, सगळं खाली येतं. सर्वांत वर ही एकच ओळ येते: कुमुद, वय पंचवीस, एस्टीना पत्रा ढुंगनले टोचना.

नवीन मुलींना मी दोनच गोष्टी सांगते. खोटं कार्ड भरू नका. आणि खरं भराल तेव्हा वाक्य जरा बरं निवडा, कारण आपल्यामागे तेवढंच राहतं.